भेंडीचं बी उगवत नसेल, तर आधी मातीत बोट घालून बघा

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी गच्चीवर चार ग्रो बॅगांमध्ये भेंडीच्या २० बिया लावल्या. रोज सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घातलं. अठरा दिवसांत तीनच उगवल्या, त्यातलंही एक रोप बुडाशी काळं पडून आडवं झालं. उकरून पाहिलं तर बाकीच्या बिया फुगून लिबलिबीत झालेल्या. मागच्या वर्षी जूनमध्ये याच बॅगांत सगळ्या उगवल्या होत्या, झाडं खांद्याएवढी झाली, पानं परातीएवढी, पण भेंड्या मिळाल्या दहा-बारा आणि त्याही निबर. त्यांनी विचारलंय: दुकानदारानं जुनं बी दिलं का? गच्चीवर भेंडी होतच नाही का? आणि पाकिटात उरलेलं बी टाकून द्यायचं का?

ताई, यात दोन वेगवेगळ्या अडचणी एकत्र झाल्यात आणि दोन्हींचा दोष तुम्ही बियाण्याला देताय. डिसेंबरमध्ये बी उगवलं नाही ते थंडीमुळे आणि त्या थंडीत घातलेल्या पाण्यामुळे. जूनमध्ये झाड वाढलं पण धरलं नाही, त्याची कारणं निराळी आहेत. बी जुनं असण्याची शक्यता मी नाकारत नाही, पण तो संशय शेवटी घ्यायचा. तुमची गच्ची मी पाहिलेली नाही. ऊन किती तास येतं, माती कशी भरली आहे, पाणी बोअरचं की नळाचं, यावर बरंच अवलंबून असतं. तेव्हा मी सासवडजवळच्या आमच्या शेतात आणि नंतर पुण्यात गच्चीवर चोवीस वर्षं जे करत आले, ते कारणांसकट सांगते. तुमच्याकडे काय लागू पडतं ते तुम्हाला त्यावरून ताडता येईल.

भेंडी हे उन्हाळ्याचं झाड आहे. कापूस आणि अंबाडी तिच्या नात्यातले, त्यांच्यासारखीच तिलाही माती गरम लागते. मातीचं तापमान २५ ते ३५ अंश असेल तर बी चार ते सहा दिवसांत वर येतं. ते १७-१८ च्या खाली गेलं की उगवण जवळपास थांबते. गंमत अशी की थंड मातीतही बी पाणी शोषतंच, पाणी शोषायला ऊब लागत नाही. ते फुगतं, साल सैल होते, आतला अन्नसाठा ओला होतो, पण कोंब मात्र हलत नाही. तो आठ-दहा दिवस असा निजून राहिला की मातीतली बुरशी त्या ओल्या अन्नावर बसते. तुम्ही उकरल्यावर हाताला लागलेल्या लिबलिबीत बिया म्हणजे हेच. बी मेलेलं असतं तरी कुजलंच असतं, त्यामुळे नुसतं कुजलेलं बी बघून ते आधीपासून खराब होतं की थंडीनं गेलं, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण डिसेंबरातलं नाशिक म्हटल्यावर माझा कौल थंडीकडे.

त्यात तुमची लागवड ग्रो बॅगेत. जमिनीत दुपारी शिरलेली ऊब रात्री बराच वेळ टिकते. कठड्याजवळ ठेवलेली बॅग मात्र चारही बाजूंनी वारा खाते, पहाटेपर्यंत आतली माती हवेइतकीच गार होते. एकदा जानेवारीत मी स्वयंपाकघरातला थर्मामीटर कुंडीत बोटभर खोल खुपसून सकाळी सात वाजता पाहिला होता, काटा १४ वर होता. दुपारी दोनला तीच माती २६ झाली. दुपारच्या उन्हात आपल्याला वाटतं की झालं की ऊन, आता काय हरकत आहे. पण बी चोवीस तास त्या मातीत असतं, आणि त्यातले चौदा-पंधरा तास ते गारठलेलं असतं. थर्मामीटर नसला तरी चालेल. सकाळी चहाआधी मातीत बोट पेरभर घाला आणि दहा आकडे मोजा. बोट काढून घ्यावंसं वाटलं, तर भेंडीची वेळ आलेली नाही.

आमच्याकडे उन्हाळी भेंडी संक्रांत झाल्यावरच टोकत. आई म्हणायची, रथसप्तमीचं ऊन लागल्याशिवाय भेंडीला हात लावू नका. महाराष्ट्रात शेतकरी साधारण जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत उन्हाळी भेंडी लावतात आणि जून-जुलैत पावसाळी. कोकणात आणि गोव्यात थंडी बेताची, तिथे जानेवारीतही चालून जातं. नाशिक, निफाड, पुणे, सातारा या पट्ट्यात गच्चीवर लावायची तर मी फेब्रुवारीचा दुसरा आठवडा धरते. तुमच्याकडे त्या वर्षी थंडी लांबली तर आणखी आठवडाभर थांबा. उशिरा लावलेली भेंडी लवकर लावलेलीला गाठते, हे मी दरवर्षी बघते. जानेवारीच्या अखेरीस टोकलेलं आणि फेब्रुवारीच्या मध्यावर टोकलेलं झाड मार्चमध्ये शेजारी ठेवलं तर ओळखू येत नाही.

आता पाणी. हे जरा नीट सांगते, कारण काळजीपोटी बहुतेकांची चूक इथेच होते. बी लावायच्या आदल्या दिवशी बॅग पूर्ण भिजवा, खालून पाणी निथळेपर्यंत. दुसऱ्या दिवशी माती वाफशावर आलेली असते, म्हणजे मुठीत दाबली तर लाडू होतो आणि बोटानं टिचकी मारली की फुटतो. या ओलीवर बी टोका, वरून भुसभुशीत शेणखत किंवा गांडूळखत चाळून पसरा आणि मग थांबा. रोप वर येईपर्यंत भरपूर पाणी द्यायचं नाही. वरचा थर वाळलेला दिसला तर हातानं शिंपडायचं, तेवढंच. सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी घातलं की माती थंड राहते, हवा आत जात नाही आणि वर पापडी धरते. भेंडीचं रोप मान वाकवून, कमान करून वर येतं. पापडी कडक असली तर ती मान तिथेच मोडते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असेल तर आणखी जपा, ते वरून कोरडं दिसतं आणि आत चिंब असतं.

खोली दोन सेंटीमीटर. तर्जनीच्या पहिल्या पेरापेक्षा किंचित कमी. त्याहून खोल गेलं तर कोंबाची ताकद वर येण्यातच संपते, आणि अगदी वर राहिलं तर उंदीर-खारी उकरतात.

भिजवण्याबद्दल बरेचजण विचारतात. भेंडीच्या बियांचं कवच कठीण असतं, काही बिया पाणी आत घ्यायलाच वेळ लावतात. म्हणून रात्री कोमट पाण्यात टाकायच्या आणि सकाळी काढायच्या, आठ-दहा तास पुष्कळ झाले. दिवसभर किंवा दोन दिवस पाण्यात ठेवलं तर त्या गुदमरतात. मग ओल्या सुती फडक्यात सैलसर गुंडाळून डब्यात ठेवायच्या, आणि डबा घरात आपण दही विरजतो त्या जागेवर. प्रत्येक घरात अशी एक उबदार जागा असतेच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फडकं उघडलं की करड्या-हिरव्या बियांना तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक फुटलेलं दिसतं. तेव्हाच त्या मातीत जायला तयार असतात. टोक खाली करून ठेवा, बोटानं दाबू नका, ते सहज मोडतं. टोक लांब होऊन फडक्यात अडकेपर्यंत मात्र थांबायचं नाही.

एक सावधगिरी. पाकिटातलं बी गुलाबी, लाल किंवा निळं असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. असं बी स्वयंपाकाच्या भांड्यात भिजवू नका. ते कोरडंच टोका, नंतर साबणानं हात धुवा आणि पाकीट मुलांच्या हाती लागेल असं ठेवू नका.

आणि रोपं दुसरीकडे तयार करून हलवायच्या भानगडीत पडू नका. भेंडीचं मूळ सोटासारखं सरळ खाली जातं. रोपाला दोन पानं दिसत असतात तोवर मूळ कधीच बोटभर खाली उतरलेलं असतं. ते दुखावलं की झाड जगतं, पण महिनाभर रुसून बसतं. जागेवरच दोन-दोन बिया टोका आणि दोन्ही आल्या तर अशक्त रोप कात्रीनं कापा. उपटलंत तर शेजारच्याचं मूळही हलतं.

इथून तुमच्या जूनच्या झाडांकडे येते. माझा अंदाज तीन गोष्टींचा आहे. एकतर दाटी. चार बॅगांत वीस म्हणजे एका बॅगेत पाच झाडं. मी १२ इंच खोल, १५ ते २० लिटरच्या कुंडीत एकच झाड ठेवते, फार तर बॅग रुंद असेल तर दोन. जमिनीत लावाल तर दोन ओळींत दीड फूट आणि दोन झाडांत एक फूट. दाटीत झाडं उजेडासाठी उंच होतात, आणि जी ताकद फुलांना जायची ती खोडात जाते.

दुसरं, खत. तुम्ही लिहिलंय की पानं परातीएवढी होती. इतकी मोठी, गडद हिरवी, लुसलुशीत पानं दिसली की मला पहिला संशय जास्तीच्या नत्राचा, म्हणजे नायट्रोजनचा येतो. शेणखत भरपूर, वर युरिया किंवा दर आठवड्याला जीवामृत असं होत असेल तर झाड पाल्यातच रमतं आणि फुलं उशिरा येतात. मी भरतानाच एक तृतीयांश चांगलं कुजलेलं शेणखत आणि बॅगेला दोन मुठी निंबोळी पेंड घालते. त्यानंतर फुलं दिसेपर्यंत काही नाही. पहिली कळी आली की दर पंधरा दिवसांनी एकेक मूठ गांडूळखत. एवढ्यावर झाड तीन महिने चालतं. पावसाळ्यातल्या ढगाळ हवेचाही वाटा असेल. भेंडीला रोज निदान सहा तास थेट ऊन लागतं, आणि जुलै-ऑगस्टात नाशिकला ते सलग मिळत नाही. म्हणून गच्चीवाल्यांनी पावसाळीपेक्षा उन्हाळी भेंडी करावी, असं माझं ठाम मत आहे.

तिसरी गोष्ट तोडणीची. निबर भेंड्यांचं कारण इथे आहे आणि कमी भेंड्यांचंही. बी टोकल्यापासून चाळीस-पंचेचाळीस दिवसांत पहिलं फूल येतं. फिकट पिवळं, आत गडद मेंदीच्या रंगाचा डोळा. सकाळी उमलतं, संध्याकाळपर्यंत मिटतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गळून पडतं. ते गळलं म्हणून घाबरणारे बरेच भेटतात. नीट पाहिलं तर गळलेल्या फुलाच्या जागी करंगळीच्या नखाएवढी भेंडी उभी असते. त्या दिवसापासून पाच-सहा दिवसांत ती तोडायची असते. उन्हाळ्यात तर तीन दिवसांत ती बोटाएवढी होते, आणि सातव्या-आठव्या दिवशी निबर. म्हणजे रविवारी एकदा गच्चीवर जाऊन भेंड्या काढायच्या म्हटलं, तर निम्म्या निबर झालेल्या सापडणार. आणि निबर भेंडी झाडावर राहिली की झाडाच्या लेखी काम झालं, बी तयार होतंय. मग पुढची फुलं मंदावतात. एक दिवसाआड तोडा, न चुकता. निबर सापडली तरी ती झाडावर ठेवू नका, तोडून खतात टाका.

मंडईत शेंडा मोडून बघितला की भाजीवाल्या मावशी रागावतात, पण घरच्या झाडावर तेवढंही करायला लागत नाही. कात्रीनं देठ कापताना कळतं. कोवळीचा देठ लोण्यासारखा कापला जातो, निबर भेंडीला कात्री अडते. ओढून तोडू नका, खोडाची साल सोलून येते. आणि सकाळी तोडताना लांब बाह्यांचा शर्ट घाला. पानांच्या, भेंडीच्या बारीक लवेनं हात चुरचुरतात, काहींना पुरळही येतं.

अपेक्षाही आधीच ठरवलेली बरी. भेंडीच्या प्रत्येक पानाच्या बेचक्यात एकच फूल येतं. ऐन बहरात एका झाडाची दोन दिवसांना एक भेंडी धरा, कधी थोडी जास्त. भेंडी साधारण १२-१५ ग्रॅमची. चौघांना एक वेळची भाजी करायला पाव किलो तरी लागते, म्हणजे एक दिवसाआडच्या तोड्यात तेवढी मिळायला सतरा ते वीस झाडं पाहिजेत. चार झाडं असतील तर फ्रिजमध्ये ओल्या फडक्यात साठवत आठवड्यातून एकदा भाजी, नाहीतर सांबारात घालायला. हा हिशेब आधी कुणी सांगत नाही, आणि मग लोक म्हणतात की गच्चीवर भेंडी होत नाही. होते. झाडं मोजून लावावी लागतात.

वाणाबद्दल थोडं. घरासाठी मी परभणी क्रांती लावते. परभणीच्या कृषी विद्यापीठानं ती पुसा सावनी आणि एका रानटी जातभाईच्या संकरातून काढली, कारण सगळीकडे लावली जाणारी पुसा सावनी केवडा या पानं पिवळी पाडणाऱ्या रोगाला बळी पडायला लागली होती. बेंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेची अर्का अनामिका हाही चांगला पर्याय. हे सरळ वाण आहेत, यांचं बी पुढच्या वर्षासाठी धरता येतं. संकरित पाकिटातली भेंडी जोमदार येते, पण तिचं बी धरलंत तर पुढच्या पिढीत दहा तऱ्हेची झाडं निघतील. कोकणात, गोव्यात लांब, सात शिरांची गावठी भेंडी मिळते. पावसाळ्यात ती छान येते आणि चवीला मला तीच आवडते. तिला जागा जास्त लागते, हे लक्षात ठेवा.

केवडा म्हणजे काय, तेही ओळखून ठेवा. पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, जणू हिरव्या पानावर पिवळ्या दोऱ्याची जाळी विणली आहे. मग पूर्ण पान पिवळं आणि भेंड्याही पिवळट, टणक. हा विषाणू आहे, पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. यावर औषध नाही. असं झाड दिसलं की त्याच दिवशी उपटा, मन घट्ट करून. तो बियातून किंवा मातीतून येत नाही, त्यामुळे माती फेकून द्यायची गरज नाही. परभणी क्रांतीवरही हल्ली केवडा दिसतो, तेव्हा वाण चांगला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. माशी दिसायला लागली की पिवळे चिकट सापळे लावा. लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि चार थेंब भांडी घासायचा द्रव साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनं फवारा. आठवड्यातून एकदा, उन्हात कधीच नाही. मावा आणि तुडतुडे यांनाही तेच पुरतं. शेंडा अचानक मान टाकून सुकला तर आत अळी आहे, तो शेंडा दोन बोटं खाली कापून नष्ट करा.

आणखी एक. पानांच्या खाली, देठांवर काचेच्या मण्यांसारखे बारीक थेंब दिसतात. दरवर्षी कुणीतरी मला त्यांचा फोटो पाठवून विचारतं, ही कसली अंडी? ती अंडी नाहीत, झाडच तो गोडसर रस बाहेर टाकतं. बोटानं पुसा, निघून जातो. त्यासाठी फवारणी करू नका.

तुमच्या उरलेल्या दोन रोपांना दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशी, वारा लागणार नाही अशा जागी ठेवा आणि पाणी तीन-चार दिवसांनीच द्या. आडवं झालेलं काढून टाका, ती मर (रोप बुडाशी कुजवणारा बुरशीचा रोग) आहे आणि ते रोप आता उभं राहणार नाही. दोन्ही जगली तरी फेब्रुवारीपर्यंत वाढणार नाहीत, पण फेकूही नका.

राहिलं पाकिटातलं बी. सरकारी मानकाप्रमाणे भेंडीच्या बियाण्याची उगवण किमान ६५ टक्के असावी लागते. म्हणजे वीसमधून तेरा उगवल्या तरी ते बी नियमात बसतं. वीसच्या वीस उगवतील असं कधीच धरू नका. पाकीट घडी घालून, रबर लावून कोरड्या घट्ट डब्यात ठेवा, त्यावरची चाचणीची तारीख आणि मुदत बघून घ्या. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मोजून दहा बिया वर सांगितल्याप्रमाणे फडक्यात बांधा. रंग लावलेल्या असतील तर भिजवू नका, जुन्या वर्तमानपत्राच्या ओल्या कागदात गुंडाळून वेगळ्या, टाकाऊ डब्यात ठेवा. सात दिवसांत सात-आठ फुटल्या तर बी उत्तम, दुकानदाराला बोल लावू नका. चार-पाच फुटल्या तर बी जरा जुनं आहे, पण एका जागी तीन-तीन टोकून काम भागेल. दोनच फुटल्या तर मात्र पाकीट घेऊन दुकानात जा. आणि ज्यांना टोक फुटलंय त्या त्याच संध्याकाळी, टोक खाली करून, आदल्या दिवशी भिजवलेल्या बॅगेत लावून टाका.